घासाघीस करणाऱ्या प्रोग्रॅमांचे सामने

दोन प्रोग्रॅम समोरासमोर, मध्ये १८० सेकंदांचं घड्याळ. एकाने प्रस्ताव मांडायचा. दुसऱ्याने तो मान्य करायचा, नाहीतर स्वतःचा प्रस्ताव पुढे करायचा, नाहीतर सरळ उठून जायचं. वेळ संपली आणि सौदा झाला नाही, तर दोघेही रिकाम्या हाताने परत. २०१० पासून जगभरातल्या विद्यापीठांतले विद्यार्थी आणि संशोधक असे प्रोग्रॅम लिहून एकमेकांविरुद्ध उतरवत आले आहेत. ‘ऑटोमेटेड निगोशिएटिंग एजंट्स कॉम्पिटिशन’ हे स्पर्धेचं पूर्ण नाव, बोलताना नुसतं ‘अनॅक’. एजंट म्हणजे इथे आपल्या वतीने बोलणी करणारा प्रोग्रॅम.

पुण्यात मला भेटणाऱ्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम तोंडपाठ असतात, या स्पर्धेचं नाव मात्र क्वचितच कुणी ऐकलेलं असतं. मला याची हळहळ वाटते. बुद्धिबळात एक जिंकला की दुसरा हरतो. घासाघीस तशी नसते. तिथे दोघांचं भलं होऊ शकतं, दोघांचं वाटोळंही होऊ शकतं, आणि समोरच्याला नक्की काय हवंय हे कधीच उघड दिसत नाही. आपलं रोजचं जगणं या दुसऱ्या प्रकारात जास्त मोडतं.

आता हे प्रोग्रॅम आतून कसे चालतात ते एका उदाहरणावर पाहू. कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय. मालकीणबाई साठीच्या, घर बघायला आलेला मुलगा नुकताच हिंजवडीत नोकरीला लागलेला. माणसं बोलतात तेव्हा ते साधारण असं होतं:

“काकू, सव्वीस जरा जास्त होतायत. बावीसला बघा ना.”

“अरे, खालच्या मजल्यावरच्यांनी पंचवीस घेतलेत. आणि डिपॉझिट एक लाख. एक तारखेपासून येणार असशील तर बोल.”

“डिपॉझिट पन्नास होईल का? आणि मी पुढच्या महिन्यात येईन म्हणतोय.”

इथे खरं तर तीन गोष्टींवर बोलणी चालली आहेत: भाडं, डिपॉझिट आणि राहायला येण्याची तारीख. भाडं २२ ते २६ हजारांपर्यंत, हजाराहजाराच्या पायरीने, म्हणजे पाच पर्याय. डिपॉझिट ५० हजार, ७५ हजार किंवा १ लाख. तारीख या महिन्याची १, या महिन्याची १५ किंवा पुढच्या महिन्याची १. एकूण ४५ वेगवेगळे सौदे होऊ शकतात.

प्रोग्रॅमला हे समजावं म्हणून प्रत्येक बाजूची आवड गुणांत मांडावी लागते. मुलाच्या हातात एकरकमी पैसा नाही, म्हणून त्याने १०० पैकी ५० गुण डिपॉझिटला दिले, ४० भाड्याला आणि १० तारखेला. डिपॉझिट ५० हजार झालं तर पूर्ण ५०, ७५ हजार झालं तर २५, लाख झालं तर शून्य. भाडं २२ हजार असलं तर ४० गुण आणि पुढे दर हजाराला १० गुण कमी. पुढच्या महिन्यात आलो तर १०, पंधरा तारखेला ५, एक तारखेला शून्य. काकूंची गणितं निराळी. त्यांना भाडं सगळ्यांत महत्त्वाचं, ६० गुणांचं, आणि दर हजार कमी झाला की १५ गुण जातात. फ्लॅट रिकामा पडू नये म्हणून तारखेला ३०: पंधरा तारीख झाली तर १५ उरतात, पुढचा महिना झाला तर काही नाही. डिपॉझिट त्यांना फारसं लागत नाही, त्याला फक्त १०.

‘जाऊ दे, मध्यावर या’ ही आपली नेहमीची तडजोड. भाडं २४, डिपॉझिट ७५, पंधरा तारीख. मुलाला मिळाले ५० गुण, काकूंनाही ५०. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. पण हाच सौदा असा करून बघा: भाडं २५, डिपॉझिट ५०, एक तारखेपासून. मुलाचे झाले ६०, काकूंचे ७५. दोघंही मध्यावरच्या तडजोडीपेक्षा वर गेले. ज्याला जे स्वस्त वाटतं ते त्याने सोडलं, एवढंच. सौदा फिस्कटला तर दोघांना शून्य असं धरून गणितज्ञ जॉन नॅश यांनी १९५० मध्ये सुचवलेली मोजपट्टी लावायची झाली, तर दोघांच्या गुणांचा गुणाकार करायचा: मध्यावरच्या सौद्याचा २,५००, दुसऱ्याचा ४,५००.

गोम अशी की दोघांनाही एकमेकांचे गुण माहीत नाहीत. आणि सांगायचीही सोय नाही, कारण “मला डिपॉझिटचीच अडचण आहे” हे कळलं की समोरचा नेमकी तीच नस दाबणार. स्पर्धेतला प्रत्येक प्रोग्रॅम याच पेचात अडकलेला असतो. पत्ते उघडे करता येत नाहीत, आणि झाकून ठेवले तर दोघांच्या फायद्याचा सौदा हाती लागत नाही.

प्रोग्रॅमांना एकमेकांशी खेळवून शिकायची कल्पना अनॅकच्या आधीची आहे. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने ‘कैद्यांचा पेच’ (दोघांनी आपापलं ठरवायचं, सहकार्य करायचं की दगा द्यायचा) या खेळासाठी प्रोग्रॅम मागवले, तेव्हा अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला सगळ्यांत छोटा प्रोग्रॅम जिंकला: आधी सहकार्य कर, मग समोरचा करेल तसं वाग. २००० मध्ये ‘ट्रेडिंग एजंट कॉम्पिटिशन’ सुरू झाली. तिथे एजंट ग्राहकांसाठी विमानाची तिकिटं, हॉटेलच्या खोल्या आणि करमणुकीची तिकिटं लिलावात मिळवत. मात्र लिलावात बोली लावणं आणि टेबलापलीकडच्या एका पक्षाशी बोलणी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी नेदरलँड्समधलं डेल्फ्ट तंत्र विद्यापीठ आणि इस्राएलमधलं बार-इलान विद्यापीठ यांनी पुढाकार घेतला आणि २०१० मध्ये टोरांटोच्या परिषदेत अनॅकचा पहिला सामना झाला. सामने खेळवायला ‘जीनियस’ नावाचं जावामध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं. पहिल्या वर्षी विषय तीन होते: सायकलचे सुटे भाग विकणारा आणि घेणारा, तंबाखू नियंत्रणावर इंग्लंड आणि झिम्बाब्वे यांची बोलणी, आणि सहलीचा बेत. जपानमधल्या नागोया इथल्या चमूचा ‘एजंट के’ पहिला आला.

बोलणी करणाऱ्या प्रोग्रॅमचे तीन भाग पाडता येतात: पुढचा प्रस्ताव कोणता द्यायचा, समोरच्याला काय हवंय याचा अंदाज कसा बांधायचा, आणि आलेला प्रस्ताव कधी मान्य करायचा. स्पर्धेच्या पहिल्या वर्षांतल्या एजंटांचे हे भाग सुटे करून, एकाचा भाग दुसऱ्याला जोडून संशोधकांनी नंतर भरपूर प्रयोग केले. मला स्वतःला मधला भाग सगळ्यांत सुंदर वाटतो, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

काकूंच्या प्रोग्रॅमने एकामागोमाग चार प्रस्ताव पाठवले असं धरा. पहिला: २६ हजार, डिपॉझिट १ लाख, एक तारीख. दुसरा: २६ हजार, ७५ हजार, एक तारीख. तिसरा: २६ हजार, ५० हजार, एक तारीख. चौथा: २५ हजार, ७५ हजार, एक तारीख. मुलाचा प्रोग्रॅम फक्त एक गोष्ट मोजतो: लागोपाठच्या दोन प्रस्तावांत काय बदललं आणि काय तसंच राहिलं. चार प्रस्ताव म्हणजे तीन बदल. तारीख तिन्ही वेळा जागची हलली नाही. भाडं दोनदा तसंच राहिलं, एकदा बदललं. डिपॉझिट तिन्ही वेळा बदललं. ज्या गोष्टीला माणूस घट्ट धरून बसतो ती त्याला प्यारी, असं मानून प्रोग्रॅम ठरवतो की काकूंना डिपॉझिटची पर्वा कमी आहे. बस, एवढ्यावर काम भागतं. तो आता डिपॉझिट ५० हजारांवर रोवून ठेवतो, तारीख सोडून देतो आणि भाडं हळूहळू वर नेत जातो.

या अंदाजात एक चूकही आहे. मोजणीप्रमाणे काकूंना तारीख भाड्यापेक्षा महत्त्वाची ठरते, आणि तसं नाही हे आपल्याला माहीत आहे. भाड्याच्या पायऱ्या जास्त, त्यामुळे तिथे थोडं सरकणं सोपं, आणि मोजणीला ते ‘कमी प्रेम’ वाटलं. तरीही सौदा योग्य दिशेने गेला. अंदाज पुरता बरोबर असण्याची गरज नव्हती, कुठली गोष्ट समोरच्याला स्वस्त आहे एवढं कळलं की पुरे. २०११ चा विजेता ‘हार्डहेडेड’ हा डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांचा एजंट अशीच साधी मोजणी करत होता. यापेक्षा कितीतरी भारदस्त गणिती पद्धतींना ही मोजणी जड गेल्याचं पुढे संशोधकांना दिसलं.

मान्य कधी करायचं याचा नियमही असाच साधा असू शकतो. समोरून आलेला प्रस्ताव मला जितके गुण देतो, तितकेच किंवा त्याहून कमी गुण माझा पुढचा प्रस्ताव मला देणार असेल, तर आणखी ओढण्यात अर्थ नाही, हो म्हणायचं. आपल्या उदाहरणात मुलाकडून ‘२५ हजार, ५० हजार, एक तारीख’ असा प्रस्ताव येतो. काकूंना तो ७५ गुणांचा आहे. चौथा प्रस्ताव ८० गुणांचा देऊन झालाय, आता ७५ वर उतरायची वेळ आलीच होती. सौदा पक्का.

शिवाय प्रत्येक एजंटाच्या मनात एक तळाची रेघ असते. मुलाला वारज्यात दुसरा एक फ्लॅट मिळतोय, त्याच्या हिशेबाने तो ४५ गुणांचा. मग ४५ च्या खालचा कुठलाही सौदा घेण्यापेक्षा उठून गेलेलं बरं. काही सामन्यांत वेळेलाही किंमत असते: जितका उशीर, तितके मिळालेले गुण कापले जातात. रिकाम्या पडलेल्या फ्लॅटच्या मालकांना हे वेगळं समजावायला नको.

राहिला पहिला भाग, प्रस्ताव देण्याची चाल. दोन टोकं आहेत. एक एजंट सुरुवातीलाच भराभर सोडत जातो. दुसरा जवळजवळ शेवटपर्यंत तसूभर हलत नाही आणि घड्याळ संपायला आलं की अचानक खाली येतो. या दुसऱ्या चालीला ‘बुलवेअर’ म्हणतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लेम्युएल बुलवेअर नावाचे अधिकारी कामगार संघटनेशी बोलणी करताना पहिल्या प्रस्तावालाच चिकटून राहण्याबद्दल गाजले होते, त्यांच्यावरून. या दोन टोकांमध्ये अगणित चाली बसतात, आणि समोरचा जितका सोडेल तितकंच मी सोडेन अशी तिसरी जातकुळीही आहे.

मग कोण जिंकतं? २०११ चा विजेता पाहून वाटेल, अडून बसणारा जिंकतो. हार्डहेडेड खरोखरच अडून बसायचा आणि अगदी शेवटी नमतं घ्यायचा. दुसरा आलेला बार-इलानचा ‘गाबोनिन्यो’ तर समोरचा किती नरम आहे हे चाचपून त्याला आणखी पिळत असे. पण पुरते निकाल नीट वाचले की वेगळीच गोष्ट दिसते. ताठर एजंटाला गुण मिळतात ते सभागृहात नरम एजंट आहेत म्हणून. दोन ताठर समोरासमोर आले तर सौदा न होताच वेळ संपण्याचा धोका असतो आणि दोघांच्या पदरी काहीच पडत नाही. म्हणजे ‘सर्वांत चांगला एजंट’ असं सुटं काही नसतं. कोण कोणाविरुद्ध उतरलंय यावर ते ठरतं. सगळे विजेत्याची नक्कल करून आले, तर तीच चाल आपटी खाऊ शकते. या स्पर्धेतून मिळालेला हा सगळ्यांत मोलाचा धडा आहे असं मला वाटतं, आणि विजेत्यांची यादी वाचणाऱ्यांच्या हातून नेमका तोच निसटतो.

याचं उघडंवाघडं रूप २०११ च्या एका विषयात दिसतं. त्याचं नाव ‘नाइस ऑर डाय’. त्यात फक्त तीनच सौदे शक्य होते: एक दोघांना सारखा पण थोडका, उरलेले दोन एकाला भरभरून आणि दुसऱ्याला अगदी थोडं देणारे. देवाणघेवाण करायला काही उरलंच नाही, फक्त कोण आधी माघार घेतो एवढाच प्रश्न. त्याच वर्षी ऊर्जेवरचा एक विषय होता, त्यात आठ मुद्दे आणि प्रत्येकाचे पाच पर्याय, म्हणजे ३,९०,६२५ शक्य सौदे. तिथे नुसतं अडून बसून चालत नाही. एवढ्या पसाऱ्यात दोघांना परवडणारी जागा शोधणं हेच कौशल्य. एकाच एजंटाला दोन्हीकडे तग धरावा लागतो.

पुढे स्पर्धेला फांद्या फुटत गेल्या. २०१५ मध्ये दोनाऐवजी तीन पक्ष आले आणि तिघांचंही एकमत झाल्याशिवाय सौदा नाही. २०१७ पासून माणसाशी बोलणी करणाऱ्या एजंटांची वेगळी फळी, म्हणजे स्पर्धेतला स्वतंत्र विभाग, सुरू झाली. तिथे एजंट चेहऱ्याची चित्रं पाठवतो, आवडीनिवडी विचारतो, मागच्या फेरीत केलेल्या उपकाराची आठवण करून देतो. माणूस रुसतो, खोटं बोलतो, कधी नुसता कंटाळतो. दोन प्रोग्रॅमांच्या सामन्यात हुशार ठरलेलं गणित इथे नुसतं पुरत नाही.

मला जास्त ओढ वाटते ती २०१९ मध्ये सुरू झालेल्या पुरवठा साखळीच्या फळीची, कारण ती पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही लघुउद्योजकाला लगेच ओळखू येईल. भोसरीच्या एमआयडीसीत एखाद्याचं वर्कशॉप आहे. तो एकीकडून सळ्या घेतो, दुसरीकडे चाकणच्या मोठ्या कारखान्याला तयार भाग देतो. सळ्या घेऊन ठेवल्या आणि ऑर्डर आली नाही, तर पैसा अडकला. ऑर्डर घेतली आणि माल वेळेवर मिळाला नाही, तर दंड बसला. या फळीतला प्रत्येक एजंट असाच एक कारखाना चालवतो आणि एकाच वेळी वरच्या आणि खालच्या अनेकांशी बोलणी करतो. इथे एकेका सौद्यात किती गुण कमावले याला फारसा अर्थ नाही. दहा सौदे एकमेकांत बसले पाहिजेत. फार स्वस्तात घेतलेला कच्चा माल गोदामात पडून राहिला तर तो महागच पडला.

गेल्या काही वर्षांत चॅटजीपीटीसारख्या, भाषा बोलणाऱ्या मोठ्या मॉडेलांमुळे चित्र पुन्हा बदललंय. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. २०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी पुस्तकं, टोप्या आणि चेंडू वाटून घेण्याची बोलणी करणारे बॉट तयार केले. ‘त्यांनी स्वतःची गुप्त भाषा बनवली आणि घाबरून त्यांना बंद केलं’ ही बातमी तेव्हा सगळीकडे फिरली, आजही कुणीतरी पुढे पाठवतं. घडलं होतं ते इतकंच: दोन बॉट एकमेकांशी सराव करताना त्यांची इंग्रजी घसरत गेली, तेच तेच शब्द येऊ लागले, कारण नीट वाक्य बोलण्याबद्दल त्यांना काही बक्षीस नव्हतं. संशोधकांना माणसांशी बोलणारे बॉट हवे होते, म्हणून त्यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. त्या प्रयोगातली खरी दखल घ्यावी अशी गोष्ट वेगळीच होती. बॉट आपल्याला नको असलेली वस्तू हवी असल्याचं सोंग आणायला शिकले, आणि नंतर ती ‘सोडून’ दिल्याचा मोठेपणा मिरवून बदल्यात दुसरं काही मागायला लागले. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तुळशीबागेत खरेदी केलेल्या प्रत्येकाला हा डाव माहीत आहे.

अलीकडे अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी अशा भाषिक एजंटांची मोठी स्पर्धा घेतली. भाग घेणाऱ्यांनी प्रोग्रॅम लिहायचा नव्हता, साध्या भाषेत सूचना लिहायच्या: अशी बोलणी कर, हे सांग, हे सांगू नकोस. एक लाखाहून जास्त बोलण्या झाल्या. त्यात आपुलकीने, आदराने बोलणाऱ्या आणि प्रश्न विचारणाऱ्या एजंटांचे सौदे जास्त वेळा जमले. दरडावणाऱ्यांनी जमलेल्या सौद्यात आपला वाटा मोठा काढला. आणि एक नवीनच धोका पुढे आला: समोरच्या एजंटाला बोलता बोलता अशी सूचना द्यायची की तो स्वतःच्या मालकाची गुपितं ओकून मोकळा होईल. जुन्या अनॅकमध्ये हे शक्यच नव्हतं, कारण तिथे एजंट फक्त प्रस्ताव पाठवायचे, गप्पा मारत नव्हते.

हे सगळं प्रयोगशाळेत राहिलेलं नाही. वॉलमार्टने पॅक्टम या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरून आपल्या काही पुरवठादारांशी अटींची बोलणी करून घेतली आहेत. ज्या छोट्या पुरवठादारांशी स्वतंत्रपणे बसून बोलायला मोठ्या कंपनीच्या माणसांना वेळच नसतो, त्यांच्यापासून हे सुरू होतं. मला काळजी वाटते ती इथेच. मोठ्या कंपनीकडे हजारो सौद्यांचा अनुभव असलेला एजंट असेल आणि पलीकडे भोसरीतला माणूस रात्री दुकान बंद करून मोबाइलवर एकटाच उत्तरं टाइप करत असेल, तर ती बोलणी बरोबरीची नाहीत. त्याच्याही बाजूने बोलणारा, त्याच्याच हिताचा विचार करणारा एजंट त्याला मिळायला हवा, आणि तो परवडायला हवा. म्हणूनच हे ज्ञान खुल्या स्पर्धांतून, सगळ्यांना बघता येईल अशा प्रोग्रॅमांतून वाढतंय याचं मला फार अप्रूप वाटतं.

असा एजंट कुणी हातात दिला, तरी एक काम आपल्यालाच करावं लागतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याला काय हवंय हे त्याला सांगावं लागतं. वरच्या उदाहरणात मी मुलाकडून डिपॉझिटला ५०, भाड्याला ४० असे गुण सहज वदवून घेतले. खऱ्या माणसाला असे आकडे विचारून बघा. “दोन्ही महत्त्वाचं आहे” हेच उत्तर येईल. संशोधकांनीही हे ओळखलं. २०१९ च्या स्पर्धेत एजंटांना मालकाची आवड पूर्ण सांगितलीच नाही, फक्त काही सौद्यांची क्रमवारी दिली: हा त्याहून बरा, तो याहून बरा. बाकीचं त्यांनी ताडायचं. २०२० मध्ये मालकाला आणखी प्रश्न विचारायची मुभा दिली, पण प्रत्येक प्रश्नाची किंमत लावली, कारण सारखं विचारत बसणारा एजंट कुणालाच नको असतो. २०२४ मध्ये उलटा प्रयोग झाला: समोरच्याची आवड माहीत, फक्त त्याची तळाची रेघ माहीत नाही.

तुम्ही कधी असा एजंट वापरलात, तर गुण वाटायच्या भानगडीत न पडता आधी दोन-दोन सौदे शेजारी ठेवून बघा. डिपॉझिट २५ हजारांनी कमी करायला मी भाड्यात दर महिना किती जास्त देईन? लीव्ह-लायसन्सचा करार बहुतेक ११ महिन्यांचा असतो. भाड्यात हजार वाढले तर ११ हजार कायमचे गेले. डिपॉझिटचे २५ हजार मात्र परत मिळणार आहेत. हा हिशेब एकदा स्वतः केला की आपले खरे गुण आपोआप समोर येतात, आणि कधीकधी आपण ज्यावर अडून बसलो होतो ते तितकं महत्त्वाचं नव्हतं हेही कळतं. उदाहरणातल्या त्या मुलाच्या हातात आज रोकड नाही, म्हणून त्याचे ५० गुण योग्य. ज्याच्याकडे बचत आहे त्याने तेच गुण उचलून वापरले, तर त्याचा एजंट कितीही हुशारीने खेळला तरी चुकीचाच सौदा घेऊन येईल.

तळाची रेघ तर आणखी जपून ठरवावी, कारण एजंटाने दिलेला होकार हा आपलाच होकार ठरू शकतो. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, २००० साली झालेल्या, अकराव्या कलमात हे स्पष्ट आहे: एखाद्याने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालेल असा बसवलेला संगणक जे पाठवतो, ते त्या माणसानेच पाठवलं असं मानलं जातं. घराच्या बाबतीत महाराष्ट्रात थोडी उसंत मिळते. इथे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, त्यामुळे दोन प्रोग्रॅमांनी मध्यरात्री ठरवलं म्हणून सकाळी ट्रक दारात उभा राहणार नाही. सळ्यांच्या ऑर्डरीला अशी पायरी नसते.

हात घालून बघायचं असेल तर ‘नेगमास’ नावाची पायथॉनची लायब्ररी मोफत मिळते. पुरवठा साखळीची फळी आणि अलीकडच्या बोलण्यांच्या स्पर्धा तिच्यावरच चालतात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्या मुलांनी तिथून सुरुवात करावी. पहिला एजंट अगदी साधा लिहा: वेळ जाईल तसं थोडं थोडं खाली या, आणि पुढचा स्वतःचा प्रस्ताव जितका देईल तितकं समोरून आलं की हो म्हणा. मग त्यात वरची मोजणी घाला, काय बदललं आणि काय राहिलं ती. तो आधी नरम एजंटांसमोर उतरवा, मग ताठर एजंटांसमोर, आणि शेवटी त्याच्याच दुसऱ्या प्रतीसमोर. गुणांच्या सरासरीबरोबर न जमलेले सौदेही वेगळे मोजून ठेवा.